सातव्या खुणेवरचं रीडिंग

या पेजवर मी बरेच दिवस नुसती वाचत होते. लिहायची ही पहिलीच वेळ.

घडलं तसंच लिहितेय. तिखटमीठ लावलेलं नाही. तेवढा उत्साहच उरलेला नाही माझ्यात.

आधीच सांगते, यात मध्यरात्र नाही. मंगळवार होता. दुपारचे पावणेबारा. डोक्यावर ऊन. मैदानावर चाळीस विद्यार्थी, दोन प्राध्यापक आणि चहाचा एक थर्मास.

एवढ्या माणसांत झालं ते.

मी तेव्हा भूगोल घेऊन बी.ए. करत होते. शेवटचं वर्ष. भूगोल म्हटलं की लोक आपल्याला राजधान्या विचारतात. आम्ही तीन वर्षांत राजधान्या सोडून सगळं केलं.

माझं गाव लांब, म्हणून मी मावशीकडे राहायचे. मावशीची मुलगी माझ्याच वर्गात होती. माझ्याहून चार महिन्यांनी मोठी आणि वीतभर उंच. कॉलेजात तिला सगळे शिडी म्हणायचे. ते नाव घरातही शिरलं. मावशीसुद्धा ओरडायची, "शिडे, माळ्यावरचा डबा काढ, तुझाच हात पुरतो!"

घरात आम्ही तिघीच. मावशी एका दुकानासाठी शर्टाच्या कॉलर शिवते. सकाळपासून मशीन चालू असायचं.

शिडीबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते, माझ्यावर तिचा आंधळा विश्वास होता. "तू हुशार आहेस बाई. तू सांग, मी करते." हे तिचं ठरलेलं वाक्य.

आता यंत्राबद्दल थोडं सांगावं लागेल. कंटाळू नका. ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जमिनीचा चढउतार मोजायला लेव्हल नावाची दुर्बीण असते. तिवईवर बसवतात. एकजण दुर्बिणीतून बघतो. दुसरा लांब उभा राहून चार मीटरची पट्टी उभी धरतो. त्या पट्टीला स्टाफ म्हणतात, तिच्यावर आकडे रंगवलेले असतात. बघणारा आकडा मोठ्याने सांगतो. तिसरा तो मोठ्याने परत म्हणतो आणि वहीत लिहितो.

मी बघणारी. शिडी स्टाफ धरणारी. लिहायला वर्गातली एक मुलगी होती, अक्षर छान म्हणून तिला कारकून म्हणायचो.

आमच्या विभागातली लेव्हल जुनी होती. तिच्यातून सगळं उलटं दिसायचं.

म्हणजे खरोखर उलटं. जमीन वर, आभाळ खाली. माणूस डोकं खाली, पाय वर. आकडेही उलटे, त्यामुळे सहा आणि नऊच्या घोळात सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे. पहिल्या वर्षी मला मळमळलं होतं. तिसऱ्या वर्षापर्यंत डोळे सरावले. नंतर नंतर तर उलटं दिसतंय हे लक्षातही येत नसे.

उजवं-डावंही उलटायचं. दुर्बिणीच्या काचेत मधोमध एक बारीक उभी तार दिसते. माणूस त्या तारेच्या डावीकडे दिसला, तर तो खरा उजवीकडे असतो. मग त्याला तारेवर आणायला हात डावीकडे करायचा. हात जिकडे, तिकडे त्याने सरकायचं. नव्या पोरांचा हात हमखास चुकीच्या बाजूला जातो.

माझा कधीच चुकत नसे. मला त्याचा अभिमान होता.

त्या मंगळवारी आमची तिसरी खेप होती. एका जागेवरून निघायचं, मोजत मोजत फिरून परत तिथेच यायचं, आणि उंची तीच आली पाहिजे. आमची दोनदा आली नव्हती. एकदा तर जमीन जागच्या जागी हातभर वर गेली होती. सर म्हणाले होते, "वा. तुमच्यामुळे पृथ्वी उठली."

मग हसायचं थांबवून म्हणाले, "मंगळवारी शेवटची संधी. नाही जुळलं तर पुढच्या वर्षी भेटू."

शिडीला वर्ष घालवणं परवडणारं नव्हतं. मावशीला आताशा सुईत दोरा ओवायला दिसत नव्हतं. शिडीला कधी एकदा नोकरी लागते असं झालं होतं. त्यामुळे मी डोळ्यात तेल घालून बसले होते.

कॉलेजच्या मैदानामागे बंद पडलेली दगडखाण आहे. खाली पाणी साचलेलं. आमच्या वाट्याला तिच्या काठाकाठाने जाणारी रेषा आली. दर दहा मीटरवर एक खूण. खाण माझ्या डाव्या हाताला. रेषा काठापासून बरीच आत होती, फक्त सातव्या खुणेपाशी काठ वळून जवळ यायचा. तिथे गुडघाभर गवत होतं.

पहिल्या सहा खुणा सुरळीत गेल्या. मी आकडा सांगायचे, कारकून म्हणायची, लिहायची. शिडीने उन्हासाठी ओढणी डोक्याला बांधली होती. एवढ्या लांबून आवाज पोचत नव्हता. सगळं हातांच्या खुणांवर चाललं होतं.

शिडी सातव्या खुणेकडे गेली. मी यंत्र सपाट आहे का ते दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणला आणि डोळा लावला.

आणि...

वारा थांबला.

गवत हलायचं थांबलं. मागे दुसऱ्या गटांची बडबड चालू होती, ती ऐकू येईनाशी झाली. मला वाटलं, जेवायची सुट्टी झाली असेल.

दुर्बिणीत ती उभी होती. डोक्याला ओढणी. स्टाफ तोंडासमोर धरलेला, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. तारेच्या डावीकडे होती.

मी हात डावीकडे केला.

ती तारेकडे सरकली नाही. मी डोळा तसाच ठेवून पुन्हा हात केला. डावीकडे.

जागची हलली नाही.

मी वैतागले. "काय करतेय ही?" असं म्हणालेसुद्धा. कारकून वहीत डोकं घालून मागची बेरीज तपासत होती. तिने "हं" केलं.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. हात डावीकडे, डावीकडे.

मग पाचव्यांदा हात केला... आणि ती एकदम तारेवर आली.

त्याच वेळी कुठेतरी काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

"काय पडलं गं?" कारकून म्हणाली.

"खाणीत दगड सुटत असतात. लिही. एक सहा तीन पाच."

"एक सहा तीन पाच."

मला चांगलं आठवतंय, तो आकडा वाचताना मनात आलं, आज वाचायला किती सोपं जातंय. सहाला नऊ समजायचा प्रश्नच आला नाही.

मी डोळा काढला. पुढच्या खुणेवर जा म्हणून हात वर करणार होते.

सातव्या खुणेपाशी कोणी नव्हतं.

नुसतं गवत. मी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

ती होती.

स्टाफ धरून. तारेच्या बरोबर मधोमध.

पुन्हा डोळा काढला. गवत.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा दुर्बिणीतही कोणी नव्हतं. वर जमीन, खाली आभाळ.

नंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मी चालत गेले. पळाले नाही. का पळाले नाही ते आजही सांगता येत नाही. काठाच्या दिशेने गवत दबलेलं होतं, एकेक पावलाएवढं. पाच ठिकाणी.

खाली पाण्यावर स्टाफ तरंगत होता. आकडे वर.

शिडी दिसत नव्हती.

अग्निशमनवाले आले. दोन तासांनी तिला वर काढलं. मावशीला कोणी कळवलं मला माहीत नाही. ती आली तेव्हा तिच्या गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती. ती माझ्याकडे आली आणि तिने मला घट्ट धरलं. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं. पायाला मुंग्या येतात ना, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं.

ते अजून गेलेलं नाही.

विभागात चौकशी झाली. सर, विभागप्रमुख मॅडम आणि ऑफिसचे एक गृहस्थ. मॅडमनी विचारलं, "ती काठाकडे का गेली?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "स्वतःहून सरकली."

कारकुनाने काही पाहिलं नव्हतं. तिने खरं तेच सांगितलं. खोटं फक्त मी बोलले.

चार दिवसांनी यंत्र परत करायला स्टोअरमध्ये गेले. स्टोअरवाले काका तीस वर्षं तिथेच होते. प्रत्येक यंत्र स्वतःच्या रुमालाने पुसून ठेवायचे. म्हणाले, "पोरी, एकदा बघून दे, काच नीट आहे का. मला अहवालात लिहावं लागेल. मी तिकडे उभा राहतो."

ते गोदामाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. मी डोळा लावला.

काका उलटे दिसत होते. डोकं खाली, पाय छताकडे. नेहमीसारखे.

तेव्हा कळलं.

सातव्या खुणेवर मी जिला पाहिलं, ती उलटी नव्हती.

सुलटी होती. डोकं वर, पाय खाली. म्हणून तर आकडा इतका सोपा वाचता आला. सगळं जग उलटं आणि तेवढी एकच सुलटी. तिचे पाय जमिनीवर नव्हतेच. दुर्बिणीत जमीन वर असते. तिचे पाय आभाळात होते.

"काका, यातून कधी कुणी सुलटं दिसतं का?"

"सुलटं? छे. काचेची करामत आहे ती. तुला पहिल्या वर्षी शिकवलं नाही का?" ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. "खुर्चीवर बस जरा," म्हणाले.

मी बसले. शांतपणे विचार केला. सुलटी होती, म्हणजे उजवं-डावंही उलटलेलं नव्हतं. डावीकडे दिसत होती म्हणजे ती डावीकडेच होती. खाणीच्या बाजूला. माझा हात सवयीने गेला, डावीकडे. आणि खरी शिडी, जी रेषेवर बरोबर जागी उभी होती, ती माझा हात बघून सरकत राहिली. पाच पावलं. दोन्ही हात स्टाफवर, नजर माझ्यावर. खाली बघायचं तिला कारणच नव्हतं. मी सांगत होते ना.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? भुताने फसवलं म्हणाले असते तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. हात केला म्हणाले असते तर मावशीच्या दारात उभं राहायची सोय उरली नसती.

निकाल लागला. अपघातामुळे सर्वेक्षणाचे गुण सरासरीने दिले. मी पास झाले.

आता मी नकाशे छापणाऱ्या एका ऑफिसात काम करते. मावशीकडेच राहते. आई म्हणाली, ये परत. पण मावशीला एकटं सोडून कसं जाणार? त्या दिवसापासून तिने मला स्वतःच्या खोलीत झोपायला घेतलं. शिडीची कॉट तिच्या कॉटला लावून घेतली. त्यावर मी झोपते. मावशी मला रोज गरम पोळी करून वाढते. एकदाही टाकून बोलली नाही.

तेच मला सोसेना. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी दुपारी, मी ठरवलं की सांगायचंच.

मावशी शिवलेली कॉलर उलटून काडीने तिची टोकं बाहेर काढत होती. मी समोर जमिनीवर बसले.

"मावशी, एक सांगायचंय."

"सांग की."

"शिडी स्वतःहून सरकली नव्हती. मी हात केला. डावीकडे. पाच वेळा."

काडी थांबली.

मला वाटलं, आता ओरडेल. आता घराबाहेर काढेल. मी वाट बघत होते.

"माहितीये मला," मावशी म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"तूच. झोपेत हात करतेस. रोज. असा." तिने डावा हात आडवा केला. "पहिले काही दिवस कळलं नाही काय करतेस. मग कळलं. आई आहे मी तिची. न कळायला काय झालं?"

"तुला राग नाही आला?"

"आला ना. आठ दिवस तुला वाढताना माझा हात जड व्हायचा. मग गेला." तिने कॉलर मांडीवर ठेवली. "तू काय मुद्दाम केलंस का? तुझा तिच्यावर किती जीव होता, मी बघत नव्हते?"

इथे मला रडू यायला हवं होतं. नाही आलं.

"मी रोज तुझा हात धरायचे," ती म्हणाली. "धरून पांघरुणात घालायचे."

"का?"

मावशी खिडकीकडे बघायला लागली. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरचा दुकानदार गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता.

"तू हात केलास ना, की बाहेर... सरकल्यासारखं होतं."

"काय सरकतं?"

"पाऊल गं. लांब. रस्त्याच्या पार टोकाला. एक हात केलास की एक पाऊल. हात पांघरुणात घातला की थांबतं."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी जाणवलं, आणि ती भीती होती.

"धरायचे म्हणालीस," मी विचारलं. "आता?"

मावशीने कॉलर पुन्हा हातात घेतली.

"आता नाही धरत. महिना झाला."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"अजून लांब आहे," ती अगदी साधेपणाने म्हणाली. दुकानातून कापड यायचंय म्हणावं तशी. "पण काल कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत आली होती. उंचीवरून ओळखलं मी. आपल्या गल्लीत एवढी उंच दुसरी कोण आहे?"

"मावशी, ती शिडी नाही."

"तुला काय माहीत?"

मग मी सगळं सांगितलं. दुर्बीण, उलटं, सुलटं, आभाळातले पाय. मी ज्याला तारेवर आणत होते ते आणि शिडी, ही दोन वेगळी होती. शिडी पडल्यावरही ते तिथे उभं होतं. मी हात करून ज्याला बोलावते ते हेच असणार. शिडी कशी असेल? शिडी तर माझ्यामुळे...

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तू तोंड पाहिलंस का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

ती मशीनकडे वळली. पाय पट्टीवर ठेवला आणि पुढची कॉलर लावली. मशीन पुन्हा चालू झालं.

संध्याकाळी ती म्हणाली, "आज लवकर झोप हं. डोळे किती ओढलेत बघ."

आई म्हणते तशीच म्हणाली. मायेने.

तेव्हापासून मी डावा हात अंगाखाली दाबून झोपते. सकाळी तो बाहेर असतो. वेगळ्या खोलीत झोपते म्हटलं, तर मावशीचं तोंड एवढंसं झालं. गावी जाते म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुठल्या तोंडाने म्हणू? तिची मुलगी मी घालवली, आणि आता परत येतेय असं तिला वाटतंय तर मी उठून निघून जाऊ?

दिव्यापासून आमचं दार जेमतेम तीस पावलं आहे. मी एका दुपारी मोजली.

परवा मी हात कॉटच्या लोखंडी दांड्याला ओढणीने बांधला. दोन गाठी मारल्या. दातांनी ओढून घट्ट केल्या.

सकाळी ओढणी सुटलेली होती. उशाशी ठेवलेली. नीट चौकोनी घडी घातलेली.

कोणी सोडली ते मी मावशीला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं.